चालून दाखवा

नव्या घरात पाऊल टाकलं की माणसं आधी खिडक्या उघडतात, नळ सोडून बघतात, ओट्यावर हात ठेवून त्याची उंची पाहतात. माझ्या सासूबाई सामानाच्या टेम्पोतून उतरल्या आणि घराकडे पाठ करून रस्त्यात उभ्या राहिल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना सारखी फाटकं, सारखी कापलेली हिरवळ, आणि मध्ये काळाकुळकुळीत रस्ता.

"अगं, इथे माणसं चालतात कुठून?"

"चालत नाहीत, आई," मी म्हटलं. "गाडीतून जातात."

"आणि गाडीपर्यंत?"

"गाडी घरातच असते."

नळच नसलेल्या घरात आणून सोडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खोकी मोजायला लागले. इथे, या कॉलनीत, घर घ्यायचा हट्ट माझा होता, आणि तो पुरा करून घ्यायला मला दोन वर्षं लागली होती.

सासूबाईंचं काम कपडे ऑल्टर करण्याचं. नवे कपडे त्यांनी फारसे शिवले नाहीत. ढगळ कोट आत घ्यायचा, लांब पँट आखूड करायची, वजन वाढलेल्या माणसाला त्याच्या लाडक्या स्कर्टमध्ये किंवा पँटमध्ये पुन्हा बसवून द्यायचं. हे त्यांनी एक्केचाळीस वर्षं केलं, शहराच्या मध्यावर, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली. त्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि त्या स्वतः एवढंच मावायचं. कोपऱ्यात एक पडदा, त्याच्यामागे कपडे बदलायचे. गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नव्हती आणि ती नसलेलीच त्यांना बरी वाटायची.

"चालून दाखवा," त्या म्हणायच्या.

पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. चाळीस पावलं जाताना, चाळीस येताना. त्याआधी त्या एक टाचणी लावायच्या नाहीत. डॉक्टर असो, हमाल असो, तिथे वशिला चालायचा नाही. त्यांचं म्हणणं असं की पहिली दहा पावलं माणूस लोकांसाठी चालतो, पोट आत आणि मान वर. पुढची दहा, आपण कसे दिसतोय या काळजीत. मग त्याला आठवतं की दूध घ्यायचं राहिलंय, किंवा साहेबांना फोन करायचाय, आणि तो स्वतःला विसरतो. तेव्हा एक खांदा उतरतो, एक पाय जरा बाहेर फेकला जातो, टाच घासायला लागते. ती त्याची खरी चाल, आणि कपडा तिच्यावर बसला पाहिजे.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सासरे छापखान्यात होते. ते अचानक गेले तेव्हा माझा नवरा चार वर्षांचा होता आणि सासूबाई सव्वीसच्या. इमारतीसमोरच्या कोटांच्या मोठ्या दुकानात त्यांना काम मिळालं, परत आलेले कपडे उसवण्याचं. दुकानाचे मास्तर पुरुषभर उंचीच्या आरशापुढे गिऱ्हाइकाला उभं करून मापं घ्यायचे. सासूबाईंनी दोन वर्षं टाके उसवले आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांची तक्रार एकच आहे. उभं राहिलं की छान दिसतं, चाललं की घोळ. त्यांनी मास्तरांना सांगितलं, "यांना एकदा चालवून बघा की."

मास्तर म्हणाले, "हे कपड्यांचं दुकान आहे. घोड्यांचा बाजार नाही."

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी काम सोडलं. जिन्याखाली लोकांचे झाडू आणि फुटक्या बादल्या असायच्या, त्या त्यांनी एकेका दारात नेऊन ठेवल्या आणि मशीन आत घातलं. बरोब्बर मास्तरांच्या दुकानासमोर. पहिले काही महिने आरशापाशी उभी असलेली माणसं काचेतून बाहेर बघून हसायची, कारण फुटपाथवर कुणीतरी अर्धवट टाचलेल्या पँटमध्ये येरझाऱ्या घालत असायचं. पुढे त्यांतलीच काही माणसं रस्ता ओलांडून यायला लागली. मास्तरही एकदा स्वतःचा कोट घेऊन आले होते म्हणतात. पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही, आणि सासूबाईंनीही ताकास तूर लागू दिली नाही.

आता अशा बाईच्या घरात सून म्हणून जायचं म्हणजे काय, ते मला विचारा. आमची गल्ली पायी चालणाऱ्यांची. बेकरी, औषधांचं दुकान, शाळा, वाचनालय, सगळं दहा मिनिटांत. म्हणजे दिवसातून चार वेळा मी जिन्याखालच्या त्या दारासमोरून जाणार आणि दोन डोळे माझ्या टाचांवर असणार. घड्याळवाल्याचा गुडघा दुखतोय हे त्याच्या बायकोच्या आधी सासूबाईंना कळायचं. शाळेतल्या बाई नोकरी सोडणार, हेही. मी ऑफिसातून आले की, "आज साहेबांशी वाजलं वाटतं?" वाजलेलंच असायचं. मला त्याचा इतका राग यायचा! माणसाने घरी येईपर्यंत चेहरा नीट करून ठेवावा, तर इथे पायच चहाडी करणार. नऊ वर्षांत मी त्यांच्याकडून एकही कपडा आखूड करून घेतला नाही. दुकानातून घ्यायचे तेच मापाचे, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्याकडून करून आणायचे. हे त्यांना माहीत होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

म्हणून मला शांत जागा हवी होती. कुणी बघणार नाही अशी. नवऱ्याला मी जुन्या घराचा दुसरा मजला आणि आईंचा गुडघा अशी कारणं दिली. ती खोटी नव्हती, पण माझं कारण ते नव्हतं. सासूबाई शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर. गॅरेज त्यांचं, आणि काम चालू राहणार.

नव्या जागेतलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. नवी पँट घेऊन आल्या. गॅरेजमध्ये पाच पावलांवर भिंत. रस्त्यावर जा म्हणायला सासूबाईंना नव्या ठिकाणी संकोच वाटला असावा, किंवा मी दारात उभी होते म्हणूनही असेल. त्यांनी बाईंना उभं केलं आणि उभ्या उभ्या उंची धरली.

चार दिवसांनी बाईंनी ती पँट माझ्याच हाती परत दिली, अगदी गोड बोलून. "चालताना पँटचा डावा पाय टाचेखाली येतो हो. क्लिनिकमध्ये दोनदा अडखळले. काही घाई नाही बरं का."

मी ती मशीनवर ठेवली. सासूबाईंनी टाके बघितले, टेप लावला, दोन्ही पाय जुळवून बघितले. माप चोख होतं. त्या दिवशी त्या जेवायला आल्या नाहीत. मी गॅरेजमध्ये गेले तर पँट मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि हात नुसते तिच्यावर ठेवलेले.

"एवढं काय आई, अर्धा इंच तर आहे."

"अर्ध्या इंचाचंच काम करते मी," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं दुकानात मिळतं." मग जरा वेळाने, "एक्केचाळीस वर्षांत परत आलेला पहिला कपडा. मास्तर बघायला पाहिजे होते."

मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी मी चिडलेही. मला उगीच अपराधी करून ठेवलं असं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडीतून आले तर आमच्या फाटकासमोर डॉक्टरीणबाई रस्त्याच्या मधोमध चालत होत्या आणि सासूबाई स्वयंपाकघरातलं स्टूल टाकून फाटकात बसल्या होत्या. तोंडात टाचण्या. मनगटावर टाचण्यांची उशी. त्यांनी सकाळीच पावलं मोजली होती. आमच्या फाटकापासून सातव्या नंबरच्या दिव्यापर्यंत चाळीस. डॉक्टरीणबाई लाजेने लाल झाल्या होत्या, पण पंचविसाव्या पावलाला त्यांनाही काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांचा डावा पाय हळूच ओढल्यासारखा पडायला लागला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी इतक्या दिवसांत बघितलं नव्हतं.

पँट झकास बसली. मग बाईंची बहीण आली. मग बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कोट घेऊन आले, मग पाळणाघर चालवणारी मुलगी. रोज साडेपाच ते साडेसहा आमच्या लेनमध्ये कुणीतरी चालताना दिसायला लागलं. चालणाऱ्याला बघायला दुसरं कुणी फाटकात यायचं, मग तिसरं. कामावरून परतणाऱ्या गाड्यांना वेग कमी करावा लागायचा. आणि तिथेच एकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

कॉलनीचा सेक्रेटरी आमच्याच लेनच्या टोकाला राहतो. त्याची विजेवरची गाडी मागून आलेली कळतसुद्धा नाही. आठवड्याभरात नोटीस आली. अंतर्गत रस्ते वाहनांसाठी आहेत. ज्यांना चालायचं असेल त्यांनी क्लबहाउसमागचा ट्रॅक वापरावा, वेळ सकाळी सहा ते आठ.

सासूबाई उठून ट्रॅक बघून आल्या. "तिथे माणसं चालत नाहीत गं. व्यायाम करतात. हात असे हलवतात, जशी काही भांडायला निघालीत. त्या चालीवर पँट शिवली तर आयुष्यभर व्यायामच करावा लागेल त्याला." नोटिशीचा कागद चांगला जाड होता. त्यांनी त्यावर खडूने खिसा आखला आणि कापून घेतला.

पुढची पायरी म्हणजे सभा. रविवारी सकाळी, क्लबहाउसमध्ये. माझा नवरा घरातूनच हात जोडून निघाला होता. "आई, दोन शब्द सॉरी म्हण, मी बाकीचं बघतो." सासूबाईंनी चपला पायात घातल्या. आम्ही गाडीतून गेलो. तीनशे मीटर. हे लिहिताना आज मला हसू येतंय, पण त्या दिवशी आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या मात्र चालत आल्या.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. कुणाला काय लागेल ते आणून देणारा, अडीअडचणीला धावणारा आहे. त्याला फक्त रस्ता रिकामा आवडतो. तो म्हणाला, "आजी, उद्या काही अपघात झाला तर जबाबदार कोण?"

"गाडी चालवणारा," सासूबाई म्हणाल्या.

लोक हसले. सेक्रेटरीही हसला, पण ठराव त्याने आधीच लिहून आणला होता. रस्त्यावर कुणालाही चालायला लावायचं नाही. पुन्हा तसं दिसलं तर गॅरेजमध्ये काम करण्याची परवानगी रद्द. बाजूने कोण? हात वर गेले. मी मोजले नाहीत, पण त्यांतल्या सहा हातांच्या खाली सासूबाईंनी ऑल्टर केलेले कपडे होते, हे मी बसल्या जागेवरून सांगू शकत होते. बँकवाल्या गृहस्थांनी तर तोच कोट घातला होता. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला नाही, मोबाइलमध्ये काहीतरी शोधत बसल्या.

"विरोधात?"

एकच हात वर गेला. सुरकुतलेला, मधल्या बोटाला शिवणाच्या टोपणाचा वळ पडलेला.

"तुमचं मत धरता येणार नाही हो," सेक्रेटरी खरोखरच ओशाळून म्हणाला. "घर मुलगा आणि सुनेच्या नावावर आहे."

सगळे आमच्याकडे वळले. नवरा जमिनीकडे बघत होता. मी मूग गिळून बसले. मला वाटलं, इतक्या माणसांसमोर उभं राहायचं, कशासाठी, अर्ध्या इंचासाठी? सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. हात खाली घेतला, उठल्या आणि चालत घरी गेल्या.

सोमवारी त्यांनी नेहमीच्या वेळी गॅरेज उघडलं. कुणी आलं नाही. मंगळवारी बँकवाले आले, पँट घेऊन. "इथे आतच उभ्याने माप घ्या ना, चालतंय मला."

"मला नाही चालत," सासूबाई म्हणाल्या, आणि पँट परत दिली.

नवऱ्याने एक उंच आरसा आणायचं सुचवलं. त्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "आरसा होता मास्तरांकडे." मग आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगून टाकलं. एक घाव दोन तुकडे. "या महिनाअखेरपर्यंत बघते. जो चालणार नाही त्याचं मी शिवणार नाही. आणि शिवायचं नसेल तर मशीन देऊन टाका कुणाला तरी. मला ते झाकून ठेवलेलं बघवणार नाही. तुमची गाडी लावा तिथे."

"आई, हट्ट कशाला?" नवरा म्हणाला.

"हट्टच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरं काय आहे?"

नंतरचे दहा-बारा दिवस मी रोज गाडीतून आत शिरताना त्यांना बघत होते. गॅरेजचं शटर उघडं, मशीनला तेल दिलेलं, स्टूल फाटकात. समोर रिकामा रस्ता, आणि त्या त्याच्याकडे बघत बसलेल्या. माझ्याकडे आता कुणीही बघत नव्हतं. मला हवं होतं तेच झालं होतं. मी दार उघडून आत जायचे आणि ऑफिसात काय झालं ते कुणीच विचारायचं नाही. माझा श्वास मोकळा व्हायला हवा होता. तो होत नव्हता, आणि त्याचाही दोष मी काही दिवस त्यांच्याच माथी मारला. मग एका दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या माझी तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि या खेपेला सासूबाईंवर नाही. माझ्यावर. त्या अठ्ठाविसाव्या वर्षी सहा वर्षांचं पोर घेऊन मास्तरांच्या तोंडासमोर दुकान थाटून बसल्या, आणि मला आयतं माझ्या नावावरचं घर असून हात वर करता आला नाही.

येताना मी एक पँट विकत घेतली. मुद्दाम दोन मापं लांब.

साडेपाचला मी गॅरेजमध्ये गेले. "आई, ही पायात येते."

त्यांनी पँट बघितली. लेबल अजून तसंच होतं. मग माझ्याकडे बघितलं. "दुकानात तुझ्या मापाची नव्हती?"

"होती."

त्यांनी कात्रीने लेबल कापून टाकलं. "लोक घरी यायची वेळ आहे ही," त्या म्हणाल्या. "बघणारे खूप असतील."

"असू देत."

"मग चालून दाखव."

मी फाटकाबाहेर पडले. पँट टाचेखाली येत होती, पोत्याच्या शर्यतीत उतरल्यासारखी मी चालत होते. एक, दोन, तीन. समोरच्या घरातला पडदा हलला. पंधराव्या पावलाला मागून हॉर्न वाजला आणि मी नकळत कडेला सरकले.

"कडेला नाही!" मागून आवाज आला. "मधून चाल. कडेने चाललं की चाल बिघडते."

मी पुन्हा मध्ये आले. हॉर्न पुन्हा वाजला, जरा लांब. गाडी माझ्या शेजारी आणून सेक्रेटरीने काच खाली केली. "वहिनी, ठराव झालाय ना?"

"झालाय," मी म्हटलं. "तेव्हा मी हात वर केला नाही, ती माझी चूक. घर माझ्याही नावावर आहे. पुढच्या सभेत मी तो ठराव बदलायला मांडणार आहे. आत्ता मी चालतेय. थांबा जरा."

मी पुढे निघाले. गाडी मागे उभी राहिली, तिच्यामागे आणखी एक. दिव्याच्या खांबापर्यंत पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पावलं मोजायची विसरले होते. मी साहेबांचा, सभेतल्या त्या हाताचा, बँकवाल्यांच्या कोटाचा विचार करत होते. मी वळले. परत येताना सेक्रेटरीची गाडी माझ्या समोर होती, आणि मी सरळ तिच्याकडे चालत गेले.

सासूबाई स्टुलावरून उठून रस्त्यात आल्या होत्या. गाडीच्या नाकापुढे त्यांनी मला थांबवलं, आणि तो दुखरा गुडघा टेकून डांबरावर बसल्या. टेप लावला नाही. पट्टी दुमडली आणि पहिली टाचणी मारली.

"नऊ वर्षं बघतेय तुला," त्या खालूनच म्हणाल्या, मला ऐकू येईल एवढंच. "माझ्यासमोरून जायचीस ती कायम पाहुण्यांकडे निघाल्यासारखी. मला वाटायचं, या पोरीला मी आवडत नाही."

"भीती वाटायची तुमची."

"मग तसं सांगायचंस ना गं. मी तोंड फिरवून बसले असते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. डॉक्टरीणबाई त्यांच्या फाटकातून बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मग कडा सोडून दोन पावलं मध्ये आल्या. मागच्या गाडीतला माणूस काय झालं ते बघायला उतरला होता. सासूबाईंनी दुसरी टाचणी मारली, तिसरी मारली, जराही घाई न करता. मग मागे झुकून बघितलं, तिसरी काढली आणि केसभर वर लावली.

सेक्रेटरीने काचेतून डोकं बाहेर काढलं. "अहो, अजून किती वेळ?"

सासूबाईंनी तोंडातली टाचणी बोटात घेतली आणि त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "अजून उजवा पाय राहिलाय."